पुण्याच्या हवेत सिगार: पहिले पाच कसे निवडावेत, कसे जपावेत, कसे ओढावेत

माझे दाजी जहाजावर इंजिनिअर. बऱ्याच वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी माझ्या हातावर दोन सिगार ठेवले. निकाराग्वाचे, चांगल्या हातांनी वळलेले. "निवांत असशील तेव्हा ओढ," म्हणाले. मी ते कोथरूडच्या घरी कपाटात, इस्त्रीच्या शर्टांवर ठेवून दिले. निवांत दिवस उगवला तो थेट मेच्या अखेरीस. सेलोफेन काढताना वरचं पान करकरलं, टोक कापताना उभं तडकलं, आणि पेटवल्यावर तो सिगार वाळलेल्या काटकीसारखा भराभरा जळत गेला. वीस मिनिटांत तोंड कडू आणि डोकं जड.

दाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी उरलेला सिगार मागून घेतला, बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, "अरे, हा वाईट नाहीये, तहानलेला आहे." आपल्या प्लास्टिकच्या डब्यात त्यांनी तो दीड महिना ठेवला. जुलैमध्ये गच्चीवर बसून तोच सिगार ओढला तेव्हा भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, मग थोडी मिरी, मग काकवीसारखी गोडी असं एकेक येत गेलं. जोडीतलाच सिगार, पण एक फुकट गेला आणि दुसऱ्याने मला या वाटेला लावलं.

म्हणून नव्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगतो की सिगारवर थोडे कमी पैसे घाला, पण त्याच्या ओलाव्यावर घाला. नीट जपलेला मध्यम किमतीचा सिगार कोरड्या पडलेल्या महागड्या सिगारपेक्षा कितीतरी चांगला लागतो. पुण्यात तर हे दुप्पट खरं. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे हवेतली आर्द्रता २५ टक्क्यांच्याही खाली जाते आणि जुलै-ऑगस्टच्या सकाळी ८५च्या वर असते. सिगारला हवी असते ६५ ते ७० टक्के. म्हणजे वर्षातले बरेच महिने पुण्याची हवा त्याच्या विरोधातच असते.

सुरुवातीलाच तब्येतीबद्दल

हा लेख १८ वर्षांवरच्या, स्वतःच्या मर्जीने सिगारकडे वळलेल्या माणसांसाठी आहे. तुम्ही तंबाखूला आजवर शिवला नसाल तर शिवू नका, हे मी मनापासून सांगतो. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, असा एक समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कॅन्सरचा धोका सिगारने वाढतो, आणि सोबत दारू असेल तर आणखी वाढतो. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते.

शिवाय सिगारची तंबाखू हवेवर वाळवून आंबवलेली असते, त्यामुळे तिचा धूर अल्कधर्मी असतो आणि त्यातलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. सिगारेटचा धूर आम्लधर्मी, म्हणून तो छातीत ओढावा लागतो. छातीत न घेताही सिगार का चढतो, याचं कारण हे आहे.

मी स्वतः महिन्याला एक-दोनच्या पुढे जात नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, दमेकरी यांच्या आसपास ओढत नाही. हृदयाचं किंवा रक्तदाबाचं दुखणं असलेल्यांनी या वाटेला जाऊच नये.

'मध्यम' म्हणजे काय

दुकानात तीन शब्द कानावर पडतात: माइल्ड, मीडियम, फुल. हे शब्द सिगारच्या 'बॉडी'बद्दल असतात. बॉडी म्हणजे तोंडात धूर किती भरीव लागतो ते. ताक, दूध आणि बासुंदी आठवा. तिन्ही दुधाचेच प्रकार, पण जिभेवर वजन वेगळं. मध्यम सिगार म्हणजे दूध.

याच्याशी निकोटिनची गल्लत करू नका. निकोटिनच्या जोराला स्ट्रेंग्थ म्हणतात आणि तो तिखटासारखा असतो. पातळ रस्सा जसा झणझणीत असू शकतो, तसा हलक्या बॉडीचा सिगारही डोक्यात जाऊ शकतो. बहुतेक मध्यम सिगारांत दोन्ही बाजू तोलून असतात, म्हणून शिकायला तेच बरे. अगदी माइल्ड घेतलात तर नवख्या जिभेला नुसता धूर लागतो. फुल घेतलात तर अर्ध्यावर घाम फुटतो.

आणखी एक गैरसमज रंगाचा. गडद सिगार म्हणजे कडक, असं नव्या माणसाला हमखास वाटतं. पण गडद 'मादुरो' पान जास्त दिवस, जास्त उष्णतेत आंबवल्यामुळे काळसर होतं आणि त्याच्या चवीत गोडवाच जास्त असतो. कडकपणा ठरतो आतल्या पानांवर. तंबाखूच्या रोपाच्या शेंड्याकडची पानं, त्यांना 'लिहेरो' म्हणतात, सगळ्यात जास्त ऊन खातात. ती जाड, तेलकट आणि जोरदार असतात. मधली 'सेको' सुगंध देतात आणि खालची 'वोलादो' सिगार नीट जळता ठेवतात. या तिघांचं प्रमाण बदललं की सिगारचा स्वभाव बदलतो.

हातात काय धरलंय ते ओळखा

सिगारमध्ये तंबाखूखेरीज काहीही नसतं. बिडीला तेंदूचं पान, सिगारेटला कागद, पण सिगारचं बाहेरचं पानही तंबाखूचंच. आत फिलर म्हणजे सारण, त्यावर बाइंडर म्हणजे बांधणीचं पान, आणि सगळ्यात वर रॅपर. रॅपर सर्वांत देखणं आणि सर्वांत महाग, आणि चवीतला मोठा वाटा त्याचा. वळणारा कारागीर शेवटी टोकावर पानाचीच छोटी टोपी चिकटवतो. तिला कॅप म्हणतात. ही कॅप पुढे कापताना महत्त्वाची आहे.

फिलर दोन प्रकारचं. लाँग फिलरमध्ये पानं टोकापासून टोकापर्यंत अखंड असतात, शॉर्ट फिलरमध्ये तुकडे भरलेले असतात. शॉर्ट फिलर स्वस्त, पण गरम जळतो आणि तोंडात कण येतात. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पहिला सिगार लाँग फिलरचाच घ्या.

आकार दोन अंकांत सांगतात. ५ बाय ५० म्हणजे लांबी ५ इंच आणि जाडी एका इंचाचे ५० चौसष्टांश, सुमारे २ सेंटिमीटर. या आकाराला रोबुस्तो म्हणतात आणि तो पाऊण ते एक तास चालतो. साडेपाच बाय ४२ म्हणजे कोरोना, अर्धा-पाऊण तास. नव्या माणसाला मी कोरोना किंवा त्याहून आखूड पेटीट कोरोना सुचवतो, कारण तासभर टिकून राहायची सवय जिभेला आणि डोक्याला अजून झालेली नसते.

देश कोणता, आणि स्वस्तात चांगलं का मिळतं

१९६० साली क्युबातल्या सिगार कारखान्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पिढीजात तंबाखू करणारी कितीतरी कुटुंबं बियाणं आणि हातातली कला घेऊन बाहेर पडली. निकाराग्वातली एस्तेली आणि हालापा खोरी, डोमिनिकन रिपब्लिकमधला सिबाओ भाग, होंडुरास. तिथे त्यांनी नव्याने सुरुवात केली. आज वाजवी किमतीचे उत्तम मध्यम सिगार बहुतांशी याच देशांतून येतात. क्युबाच्या नावाचे पैसे त्यात नसतात.

ढोबळ ओळख अशी: डोमिनिकन मऊ आणि मलईदार, निकाराग्वाचे मिरी आणि मातीच्या वासाचे, होंडुरासचे लाकडी वळणाचे. उदाहरण म्हणून नाव हवंच असेल तर ओलिवा कंपनीचा 'सेरी जी'. त्याला आफ्रिकेतल्या कॅमेरून जातीचं पान असतं, आत निकाराग्वाची तंबाखू, आणि तो अगदी मध्यम आहे. क्युबाचाच हवा असेल तर 'रोमिओ य हुलिएता'चा 'मिल फ्लूर' हा पेटीट कोरोना बघा. 'पार्तागास' आणि 'बोलिवार' ही नावं पहिल्या वर्षी बाजूला ठेवा, ती कडक आहेत.

आपला दक्षिण भारतही यात मागे नव्हता. तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्रजांच्या काळात साता समुद्रापार जात. चिरूट हा शब्दच तमिळ 'सुरुट्टु'वरून, म्हणजे गुंडाळीवरून आला. आणि अकबराच्या दरबारात तंबाखू पोहोचली ती १७व्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, त्याचा दूत असद बेग याच्याबरोबर, आपल्या शेजारच्या विजापूरहून.

दुकानात

पुण्यात सिगार मिळतात ते मुख्यतः कॅम्प, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर या बाजूला आणि मोठ्या हॉटेलांत. दुकानात शिरल्यावर सिगारकडे नंतर बघा, आधी ते कशात ठेवलेत ते बघा. काचेच्या शोकेसमध्ये दिव्याखाली, अत्तरं आणि लायटरच्या शेजारी मांडलेले असतील तर नमस्कार करून बाहेर या. आर्द्रता दाखवणारा काटा किंवा आकडा कुठे दिसतोय का, तो ६५ ते ७०च्या आत आहे का, एवढं विचारायला संकोच करू नका. चांगला दुकानदार उलट खूश होतो.

मग सिगार हातात घ्या. चिमटीत हलकेच दाबा. थोडा दबून परत वर यायला हवा. करकरला तर कोरडा, दबलेलाच राहिला तर जास्त ओला. पूर्ण लांबीवर बोट फिरवा. मध्येच दगडासारखी गाठ लागली तर तिथे धूर अडणार, पोकळ लागला तर तिथे भडकणार. पानावर बारीक गोल भोक दिसलं तर तो सिगार आणि त्याच्या शेजारचेही परत ठेवा, कारण आत किडा आहे.

क्युबन सिगार ओळखीच्या माणसाकडून 'बाहेरून आणलेत' म्हणून स्वस्तात मिळत असतील तर फार सावध राहा. काचेच्या झाकणाची पेटी असेल तर ती शंभर टक्के नकली, कारण क्युबात तशी पेटी बनतच नाही. मला एकाने अशीच पेटी मोठ्या प्रेमाने विकली होती. आतल्या सिगारमध्ये केळीच्या वाळक्या सोपटासारखं काहीतरी निघालं.

मी पहिल्यांदा दुकानातून घेतला तो साडेनऊशे रुपयांचा होता. आयात शुल्क आणि कर धरता आपल्याकडे चांगला सिगार खरोखर स्वस्त असा नसतोच, परवडणारा असतो. मात्र घेताना एकाच नावाचे, एकाच आकाराचे पाच घ्या. पाच वेगवेगळे घेतलेत तर काहीच शिकायला मिळणार नाही. एकच सिगार पाचदा ओढलात तर प्रत्येक वेळी काय बदललं ते कळायला लागतं.

डबा तयार करा: इथे घाई करू नका

लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारचा ओलावा राखणारी पेटी, दिसायला सुंदर असतो, पण नवा ह्युमिडॉर आधी आठवडाभर ओलावा पिऊन घेतो आणि त्याचं झाकण नीट बसत नसेल तर पुण्याचा मे महिना त्याला हरवतो. बोहरी आळीत किंवा कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळणारा, झाकणाला रबरी रिंग आणि चार बाजूंनी कड्या असलेला हवाबंद डबा घ्या. मसाल्याला किंवा लोणच्याला वापरलेला अजिबात नको. हिंगाचा वास धुऊन जात नाही, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला सांगायला नको. नवा डबाही धुऊन, दोन दिवस उघडा ठेवून प्लास्टिकचा वास जाऊ द्या.

डब्यात हवं ते दुहेरी काम करणारं आर्द्रतेचं पाकीट. बोवेडा नावाने ते ऑनलाइन मिळतं. त्यात मिठाचं संपृक्त द्रावण असतं. हवा कोरडी झाली की ते ओलावा सोडतं, ओली झाली की शोषून घेतं. पाकिटावर आकडा असतो. मी ६५चं वापरतो, काहीजण ६९चं. साठ ग्रॅमचं एक पाकीट पंचवीसेक सिगारांना पुरतं, म्हणजे तुमच्या पाचांना भरपूर झालं. ते आक्रसून कडक झालं की बदलायचं. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालू नका, त्या फक्त कोरडं करतात. ओला कापूस, सफरचंदाची फोड हे जुने उपाय बुरशी आणतात.

सोबत एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मापक, ठेवा, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. विरघळू देऊ नका. झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट पिशवीत बंद करून एक दिवस ठेवा. ओलं मीठ बंद जागेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर आणतं. काटा ७१ दाखवत असेल तर तो ४ ने कमी दाखवतो, हे डब्यावर चिठ्ठी लावून लिहून ठेवा.

आता किड्याचं. हळकुंडांना, धन्यांना भोकं पाडणारा तांबूस, टाचणीच्या डोक्याएवढा किडा तुम्ही पाहिला असेल. तंबाखू पोखरतो तो तोच. त्याची अंडी पानात आधीपासूनच असू शकतात आणि साधारण २५ अंशांच्या वर ती उबायला लागतात. पुण्यात मार्च ते जून घरातलं तापमान त्याच्या वरच असतं. म्हणून आणलेले सिगार आधी दोन झिप पिशव्यांत घट्ट बंद करून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा, आणि मग तासभर बाहेर ठेवूनच पिशवी उघडा. थेट फ्रीझरमधून बाहेर काढलात तर पान तडकतं. कायमचे मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथली हवा कोरडी असते आणि शेजारी कालची लसणाची चटणी असते.

डबा घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. आमच्याकडे तो देवघरामागच्या भिंतीतल्या कपाटात खालच्या फळीवर असतो. पश्चिमेची भिंत टाळा. आठवड्यातून एकदा झाकण उघडून मिनिटभर हवा खेळू द्या.

पानावर पांढरं काही दिसलं तर आधी नीट बघा. लोकरीसारखा, निळसर झाक असलेला पुंजका म्हणजे बुरशी, तो सिगार फेका. बुरशी वाढली म्हणजे डब्यात ओलावा जास्त झाला, पाकीट आणि झाकण दोन्ही तपासा.

या डब्यात सिगार किमान दोन आठवडे राहू द्या. कोरडा पडलेला असेल तर महिना-दीड महिना. मध्येच ओढायचा मोह आवरा.

बसायची जागा आणि वेळ

भरल्या पोटी. हे पाळलं नाहीत तर बाकी सगळं पाळून उपयोग नाही. रविवारी वरण-भात-तूप जेवून अर्ध्या तासाने, हातात दीड तास मोकळा असताना. शेजारी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा. चक्कर, घाम, मळमळ वाटली तर सिगार खाली ठेवा, गूळ तोंडात टाका, आडवे व्हा. पाऊण तासात बरं वाटतं. नाहीच वाटलं किंवा छातीत धडधडलं तर डॉक्टरांकडे जा.

कायद्याने सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००८च्या २ ऑक्टोबरपासून मनाई आहे. हॉटेलात वेगळी धूम्रपानाची खोली असेल तरच. सोसायटीत गॅलरीत ओढलात तर धूर वरच्या काकूंच्या दोरीवरच्या साड्यांत जातो आणि सिगारचा वास सिगारेटपेक्षा चिवट असतो. मी गच्चीवर जातो, वरच्या मजल्यावरच्यांना विचारून, वारा पडलेला असताना. वेताळ टेकडीवर संध्याकाळी छान वाटेल असं मनात आलं तर ते तिथेच सोडून द्या. हिवाळ्यानंतर तिथलं गवत एका ठिणगीने पेटतं.

कापणं

टोपी असलेलं बंद टोक तोंडात धरायचं. त्याच टोकाचा जेमतेम २ मिलिमीटर भाग उडवायचा. टोपी जिथे संपते ती बारीक रेघ दिसते, त्या रेघेच्या वरच राहा. खाली गेलात तर अख्खं पान पगडीसारखं सुटायला लागतं. दोन पात्यांचा साधा कटर घ्या आणि एका झटक्यात दाबा.

घरात सुपारीचा अडकित्ता असेल तर त्याचा मोह होतो. माझ्या एका मित्राने तो वापरला. अडकित्ता एका बाजूने दाबून फोडतो, सुपारीला तेच हवं असतं. सिगारचं टोक मात्र त्यात चेचलं गेलं.

कापल्यावर न पेटवता एक झुरका ओढा. ज्या सहजपणे नळीतून ताक येतं तितक्या सहज हवा यायला हवी. वाळलेल्या गवताची, मनुकांची पुसट चवही इथेच लागते.

पेटवणं

गॅसचा लायटर किंवा लाकडी काडी. काडी असेल तर आधी गुल पूर्ण जळू द्या, नाहीतर गंधकाची चव शेवटपर्यंत राहते. पेट्रोलचा लायटर, मेणबत्ती, समई यांवर पेटवू नका.

सिगार तिरपा धरा आणि ज्योत टोकाला न लावता बोटभर खाली ठेवून, पापड विस्तवावर फिरवतो तसा फिरवत राहा. अर्ध्या मिनिटात कडा काळपट होऊन मधे लाली येते. आता तोंडात धरून, फिरवत, दोन-तीन हलके झुरके. मग टोकावर निखाऱ्यावर मारतो तशी हळूच फुंकर मारून बघा. सगळीकडे सारखी लाली हवी. एखादी बाजू काळी राहिली तर तिथे ज्योत दाखवा. आता घेतलेले हे दोन मिनिटांचे कष्ट पुढे तासभर उपयोगी पडतात.

ओढणं

धूर तोंडात घ्या, दोन-तीन सेकंद घोळवा, सोडा. छातीत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांना हे अवघड जातं, कारण छाती आपोआप ओढून घेते. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत जाणीवपूर्वक लक्ष ठेवावं.

मिनिटाला एक झुरका पुरे. त्याहून भराभर ओढलात की सिगार तापतो, तेलं करपतात आणि चव कडू होते. मला तर वाटतं, 'सिगार कडक होता' अशी तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांनी तो भराभर ओढलेला असतो. सिगार हातात गरम लागायला लागला तर दोन-तीन मिनिटं नुसता ठेवून द्या. विझला तरी बिघडत नाही. राख झाडा, आतला शिळा धूर फुंकून बाहेर काढा, परत शेकून पेटवा. तासाभरात पेटवलात तर चव शाबूत राहते.

राख लगेच झटकू नका. दोन-अडीच सेंटिमीटरचा राखेचा गोळा निखाऱ्याला थंड ठेवतो. मग रक्षापात्राच्या काठावर हलकेच टेकवला की स्वतःच पडतो.

चव शोधायला नाक लागतं. सर्दी झाल्यावर आमटी कशी सपक लागते ते आठवा. तोंडातला बराचसा धूर सोडून द्या आणि उरलेला अगदी थोडा नाकातून हळू बाहेर जाऊ द्या. पहिल्यांदा झोंबेल, डोळ्यांत पाणी येईल. चार-पाच झुरक्यांतून एकदाच करा. पण शेंगदाणे, खोबरं, मिरी असे जे वास मी म्हणतोय ते तिथेच सापडतात.

वास ओळखायला परदेशी शब्दांची गरज नाही. आपल्या घरातलेच शब्द लावा. माझ्या वहीत लिहिलेलं आहे: 'नव्या कोल्हापुरी चपलेचा वास. मध्ये संत्र्याची साल. वीस मिनिटांनी तव्यावर खरपूस झालेल्या पोळीचा पापुद्रा. शेवटी जायफळ, पण अगदी थोडं.' तुम्हाला वेगळं लागेल आणि तेही बरोबर असेल. सिगार तीन टप्प्यांत बदलतो. पहिला तिसरा हिस्सा साधारण मोकळा, मधला सगळ्यात गोड आणि भरलेला, शेवटचा जड आणि तिखट. शेवटचा दोन इंच तुकडा मी ओढत नाही. पैसे दिलेत म्हणून बोटं भाजेपर्यंत ओढण्यात चव उरत नाही, निकोटिन मात्र तिथेच साचलेलं असतं.

सोबत काय प्यावं? पाणी सगळ्यात चांगलं. बिनसाखरेची काळी कॉफी मधल्या टप्प्याशी छान जमते. आलं-वेलचीचा चहा माझा जीव की प्राण, पण सिगारबरोबर नको, त्यात वेलचीशिवाय काही लागत नाही.

बिघडलं तर

एक बाजू पुढे जळत गेली तर मागे राहिलेल्या बाजूला ज्योत दाखवा, आणि जोरात जळणारी बाजू वर फिरवून धरा. धूर येतच नसेल तर टोक आणखी अर्धा मिलिमीटर कापून बघा. तरीही नाही तर बांधणीतच गाठ आहे, सोडून द्या. वरचं पान मध्येच तडकलं तर बहुतेक वेळा डबा कोरडा आहे. धूर जाड, आंबट आणि सिगार सारखा विझत असेल तर डबा ओला आहे.

थोटूक चिरडू नका, चिरडल्यावर उग्र वास सुटतो. ठेवून द्या, आपोआप विझतं. मग पाणी टाकून कचऱ्यात, पण लहान मूल किंवा कुत्रा पोहोचणार नाही अशा ठिकाणी. त्यातलं निकोटिन त्यांना विषच आहे.

पाच सिगार, पाच वेळा

वहीत प्रत्येक वेळी तारीख, डब्यातली आर्द्रता, जेवण काय होतं आणि चव लिहा. सिगारवरची कागदी पट्टी तिथेच चिकटवा. ती पहिल्या दहा मिनिटांनंतर उबेने गोंद सैल झाला की अलगद निघते.

पहिला दोन आठवड्यांनी ओढा. दुसरा महिन्याने. तिसरा मुद्दाम तीन दिवस डब्याबाहेर ठेवून ओढा, म्हणजे कोरडेपणाची चव एकदा ओळखीची होईल. तो सिगार वाया गेला असं समजू नका. चौथा पावसाळ्यात, गच्चीवर पागोळ्या गळत असताना. वारा पडलेला असेल तर धूर नाकाशी जास्त वेळ राहतो. पाचवा ऑक्टोबरपर्यंत ठेवा. तोवर डब्यातली सगळ्या महिन्यांची आर्द्रता वहीत असेल, आणि पहिल्या सिगारच्या नोंदीशेजारी पाचव्याची नोंद लिहाल तेव्हा दोन्ही एकाच पेटीतले आहेत हे पट्टी बघूनच पटेल.